लेकरू गेलेल्या बाईला काय बोलावं?

प्रश्न: जय ख्रिस्त ताई. मी जालन्याची. आमच्या महिला मंडळातल्या एका बहिणीचा एकुलता एक मुलगा दोन वर्षांखाली अॅक्सिडेंटमध्ये गेला. तेव्हापासून ती चर्चला येत नाही, कॉटेज मीटिंगचा, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनेचा, निरोप दिला तर दारसुद्धा उघडत नाही. पोराची मोटारसायकल अंगणात तशीच उभी आहे, रोज सकाळी सीट पुसते. आम्ही जाऊन वचनं वाचली, प्रार्थना केली, देवाची इच्छा म्हणून समजावलं, पण ती अजूनच गप्प व्हायली. आता काही जणी म्हणायल्या की हिचा विश्वासच कमी पडला. आम्ही काय करावं?

उत्तर: जय ख्रिस्त बाई. पहिल्यांदा ते विश्वासाचं बोलणं बंद करा, ते तिच्या कानावर गेलं असणारच, मंडळीत काही लपून राहत नाही. स्तोत्र ८८ वाचा, सगळं अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहेच ना. आणि येशूला तर माहीत होतं की आपण मेलेल्या लाजराला आत्ता जिवंत उठवणार आहोत, तरी त्याच्या बहिणी मार्था-मरीयेचं दुःख बघून तो रडला. आपल्याला मात्र लगेच पुनरुत्थान सांगायची घाई. पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रातलं ते वचन, आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका, हे लोक रडणाऱ्याचं तोंड बंद करायला वापरतात याचं मला लई वाईट वाटतं, पौलानं रडूच नका असं कुठं म्हणलंय?

ईयोबाची लेकरं, धन सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथून बिघडलं, आणि शेवटच्या अध्यायात देवाचा राग त्याच मित्रांवर निघाला.

माझे मिस्टर गेले तेव्हा घरी माणसांची रीघ होती, महिन्याभरात सगळे आपापल्या कामाला लागले, त्यांची चूक नाही. गल्लीतली एक म्हातारी मात्र दर गुरुवारी दुपारी सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन यायची, ओसरीवर बसायची, फोडायची. वचन नाही, उपदेश नाही. चौथ्या का पाचव्या गुरुवारी मीच तिच्याजवळ बसून शेंगा फोडायला लागले आणि मग मिस्टरांचं बोलले, दोन तास बोलले, ती नुसती हूं हूं करत होती.

तर तुम्ही दहा जणी मिळून जाऊ नका, दोघीच जा, पण दर आठवड्याला एकाच वारी जा म्हणजे ती वाट बघेल. दार नाही उघडलं तर भाकरी अन् पिठल्याचा डबा ओट्यावर ठेवून या, पुढच्या आठवड्यात परत जा. पोराचं नाव घ्या. लोकांना वाटतं नाव काढलं की जखम उघडी होईल, पण तिच्या डोक्यातून ते एक मिनिट तरी जातं का? संडे स्कूलमध्ये तो काय करायचा, नाताळच्या नाटकात कोण झाला होता, तुम्हाला आठवत असेल ते सांगा. वाढदिवस आणि गेला ती तारीख दोन्ही लिहून ठेवा, त्या दिवशी नक्की जा.

एक मात्र बघा. ती जेवते का, झोपते का, मला पण जायचंय असं काही बोलते का. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाला वेगळं नाव आहे, त्याला उपचार आहेत आणि डॉक्टरकडं जाणं म्हणजे देवावर भरवसा नाही असं होत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मरणाचं बोलली तर त्या दिवशी तिला एकटी सोडू नका, सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात जा.

गाडी विकून टाक असं कुणी म्हणू नका. सकाळी गेलात आणि ती सीट पुसत असली तर तुम्ही पण एक फडकं घ्या अन् आरसे पुसा.