वहीतली गुरं आणि बर्फातली गुरं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या ज्या रँचच्या (गुरं पाळायच्या मळ्याच्या) वह्या तुम्ही म्युझियमसाठी टाइप करताय, त्यांच्या १८८६च्या लेजरमध्ये साडेतीन हजार गुरं लिहिलीयेत, आणि त्याच मालकाच्या त्याच हिवाळ्याच्या डायरीत सगळी मिळून काहीशे जनावरंसुद्धा भरत नाहीत, मग दोघांतलं खोटं कोण. मी जन्मभर अकाउंट्स केलं, रिटायर होऊन मुलाकडे आलो आणि गेली नऊ वर्षं इथल्या असल्याच वह्या वाचत बसतो (हिवाळ्यात दुसरं करणार काय), तर माझं म्हणणं असं की खोटं कुणीच नाही, फक्त दोन्ही वह्या वेगवेगळ्या माणसांनी वाचायच्या म्हणून लिहिल्या होत्या.

आधी लेजर घ्या. त्या काळी कुंपण नव्हतं, सरकारी माळरानावर सगळ्यांची गुरं एकत्र चरायची, त्यामुळे आपली किती हे मोजायची सोयच नव्हती. हातात यायचं फक्त वासरू, तेही वसंतात डाग (तापलेल्या लोखंडाने मालकाची खूण) द्यायच्या वेळी. मग वहीत काय करायचे, मागच्या सालचा आकडा घ्यायचा, डागलेली वासरं मिळवायची, विकलेली वजा करायची, आणि मर म्हणून अंदाजे दोन-चार टक्के काढायचे. नाहीतर सरळ वासरांच्या आकड्याला तीनने चारने गुणून मोकळे. याला ‘बुक काउंट’ म्हणायचे. आता बघा, लांडग्याने खाल्लेलं, चोरीला गेलेलं, नदीत वाहून गेलेलं जनावर वहीत मरतच नाही, उलट ते दरवर्षी वितं! आठ-दहा वर्षं असं चाललं की कागदावरचा कळप फुगत जातो आणि कुणाला ते खोडायची घाईही नसते कारण बँकेचं कर्ज त्याच आकड्यावर.

आणि हे छोट्या माणसांचं नाही, मोठमोठ्या कंपन्यांचं तेच. स्वान लँड अँड कॅटल कंपनी १८८३ला स्कॉटिश पैशावर उभी राहिली, एडिनबराच्या लोकांनी वहीतले आकडे बघून पैसे घातले, आणि १८८७ला कंपनी बुडीत. तो मोरटन फ्रूएन, वायोमिंगमध्ये गुरांचा धंदा करणारा इंग्रज, चर्चिलच्या मावशीचा नवरा, त्याला एकच कळप टेकडीभोवती फिरवून दोनदा विकला अशी गोष्ट सांगतात, दंतकथाच असणार पण कुणाला ती अशक्य वाटली नाही यावरून काय ते समजा. वायोमिंगमधल्या शायेन गावचा एक सलूनवाला, म्हणजे दारूच्या गुत्त्याचा मालक, ल्यूक मरिन, बाहेर बर्फ पडत असताना तोंडं पाडून बसलेल्या गिऱ्हाइकांना म्हणाला म्हणे की काळजी सोडा, काही झालं तरी वह्या काही गोठत नाहीत.

तुमची वही नेमकी त्याच, म्हणजे १८८६-८७च्या हिवाळ्याची. १८८६चा उन्हाळा कोरडा, माळावर आधीच गुरं जास्त, गवत संपलेलं. नोव्हेंबरातच बर्फ, मग जानेवारीत थोडं वितळून परत गोठलं, वर काचेसारखा थर, गुरांना खुराने तो फोडता येईना, पाय सोलून निघाले. जानेवारीअखेर मोठं वादळ. चिनूक नावाचा गरम वारा सुटला तो मार्चमध्ये, आणि तेव्हा नद्या-ओढ्यांच्या काठाने काय दिसलं ते लोकांनी जन्मभर सांगितलं. मोंटानातल्याच जूडिथ बेसिनमध्ये चार्ली रसेल नावाचा पोरगा (पुढे मोठा चित्रकार झाला तो) गुरांवर होता, हेलेना शहरात असलेल्या मालकाला कळवायचं होतं की गुरं कशी आहेत, तर त्याने आकडा लिहिलाच नाही, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर हाडं निघालेली एक गाय बर्फात उभी आणि भोवती टपलेले कोयोटे (तिकडचे कोल्ह्यासारखे प्राणी) असं चित्र काढून दिलं. पुढे त्या चित्राचं नावच पडलं, ‘पाच हजारांतली शेवटची’. माझ्या मते हा त्या सालातला सगळ्यात खरा ताळेबंद.

म्हणून डायरी. डायरीतला माणूस बँकेला काही सांगत नसतो. त्याने जी डोळ्याने पाहिली तेवढीच गुरं लिहिलीत, ‘ओढ्यापाशी ११, उठत नाहीत’ अशी. त्या अंकांची बेरीज करून लेजरशी ताडायला जाऊ नका, ती मोजणी नव्हेच.

आणि तिसरा आकडा तुम्ही अजून बघितलेला नाही! काउंटी असेसरकडे कर भरायला जो दाखवला तो. तो काउंटीच्या दप्तरात सापडेल आणि पैज लावतो, लेजरपेक्षा बराच कमी असेल. बँकेला एक, असेसरला एक, स्वतःला एक. आपल्याकडे सातबाऱ्यावर ऊस आणि रानात कुसळं, त्यातलाच प्रकार, उगाच अमेरिकन लोकांना नावं ठेवायला नकोत.

आता तुमचे छोटे प्रश्न. कॉलममध्ये सारखं येणारं ‘डीओ’ म्हणजे डिट्टो, वरचंच. डावीकडचं ‘टू’ आणि उजवीकडचं ‘बाय’ म्हणजे आपलं नावे आणि जमा, कॉलेजात घोकलंय ते. मार्जिनमधली चित्रं म्हणजे डाग, वाचायचे डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आडवं झोपलेलं अक्षर असेल तर ‘लेझी’, नुसती आडवी रेघ म्हणजे ‘बार’. त्या सालचं ब्रँड बुक, म्हणजे डागांच्या नोंदणीचं पुस्तक, मिळवा, कुठला डाग कुणाचा ते निघतं. आणि ऑगस्टच्या पानांवर जे तीन-तीन आकडे आहेत, ज्यांना तुम्ही तारखा समजलात, त्या तारखा नाहीत हो, गवताच्या गंजीची मापं आहेत. लांबी, रुंदी, आणि गंजीवरून या बाजूच्या जमिनीपासून त्या बाजूच्या जमिनीपर्यंत दोर टाकून आलेलं माप. त्यावरून घनफूट काढायचे आणि ५१२ने भागायचं, आठ फुटी ठोकळा म्हणजे एक टन असा हिशोब. शेजारी कुठेतरी ५१२ लिहिलेलं असेल, बघा.

ही मापं १८८७नंतर एकदम वाढतात, ते मात्र आवर्जून नोंदवा. त्या हिवाळ्याने लोकांना गवत कापून साठवायला लावलं. डीअर लॉजजवळ ग्रँट-कोर्स रँच आहे, आता नॅशनल पार्क सर्व्हिसकडे, जमलं तर जाऊन या. कॉनराड कोर्स मूळचा खाटीक, त्याचीही गुरं मेली, पण ब्यूटच्या डेव्हिस नावाच्या बँकरने काही तारण न घेता एक लाख डॉलर दिले आणि तो तरला. बाकीच्यांकडे तारण होतं, वहीतलं.

वहीत घडी करून ठेवलेल्या पावत्यांबद्दल एक माझीच फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून एका वहीतल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून तारखेप्रमाणे लावल्या, छान फोल्डर केला, आणि मग लक्षात आलं की कुठली चिठ्ठी कुठल्या पानात होती हेच आता कुणाला सांगता येणार नाही. एक शिकागोच्या युनियन स्टॉकयार्डची, म्हणजे तिथल्या गुरांच्या बाजाराची, पट्टी होती, गुरांचे पैसे, त्यातून रेल्वेभाडं वजा, यार्डाचं भाडं वजा, दलाली वजा, आणि वाटेतल्या चाऱ्याचा खर्च, कारण १८७३च्या कायद्याने २८ तासांनी गुरं डब्यातून उतरवून दाणापाणी द्यावं लागायचं. खाली पेन्सिलीत मालकाने एक शिवी लिहिलेली. ती कुठल्या पानात होती ते कळलं असतं तर कुठल्या कर्जाच्या हप्त्यासाठी ती गुरं विकली तेही कळलं असतं. तर आधी फोटो, मग पान नंबर पेन्सिलीने, आणि मगच चिठ्ठी काढा. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही, आणि हातमोजे घालू नका, त्याने पान फाटतं, हात धुऊन कोरडे करा बास.

बायकोच्या हातचं ते वेगळं छोटं पुस्तक बाजूला टाकू नका. अंडी आणि लोणी विकल्याचे सेंट लिहिलेत म्हणून ते किरकोळ वाटतं. माझ्या आजीच्या तुपाच्या पैशावर आमची दुकानाची उधारी फिटायची, आजोबांच्या खतावणीत त्याचा मागमूस नाही. १८८७ला त्या घरात रोख आलं असेल तर ते त्याच पुस्तकातून आलं असणार.

आता एक काम करा. १८८७च्या मे-जूनची पानं काढा, डाग दिलेल्या वासरांची मोजणी असेल, उभ्या चार रेघा आणि पाचवी तिरकी अशी. तो आकडा १८८६च्या आकड्याशेजारी ठेवा आणि दोन्ही पानांचे फोटो इथे टाका. आणि लेजरमध्ये त्या साली साडेतीन हजाराचं काय केलंय तेही बघा, खोडलंय की पुन्हा पुढे ओढलंय.