सांगणारीची जागा

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील असून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. सध्या बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहात आम्ही चौघी एकत्र अभ्यास करतो. एक मैत्रीण सारे छान समजावून सांगते. ती सांगते तेव्हा कळते, पण पेपर हातात आला की काही सुचत नाही आणि आपल्याला हे जमणारच नाही, असे वाटते. हा एकत्र अभ्यास सोडावा का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : सोडू नका, समजावून सांगणारीची जागा मात्र रोज एकीलाच देऊ नका. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाची जी चार उगमस्थाने मांडली, त्यांत स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव सर्वांत प्रभावी आणि आपल्यासारख्याच कोणाला ते जमताना पाहणे हे त्याखालोखाल. तुमच्या चौघींत पहिला अनुभव रोज एकाच मैत्रिणीच्या वाट्याला येतो. बाकीच्या तिघी ऐकतात, माना डोलावतात आणि नकळत तिच्याशी आपली तुलना करतात. ऐकताना कळणे आणि कोऱ्या कागदावर मांडता येणे यांत बरेच अंतर असते, हे परीक्षेच्या दालनात उघड होते इतकेच.

मराठी माध्यमातून आलेल्यांची आणखी एक अडचण असते, आणि ती बुद्धीची मुळीच नव्हे. 'मोमेंटम' या शब्दाला बिचकणाऱ्या एका विद्यार्थ्याला, वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे काय, असे विचारताच त्याने 'संवेग' असे तत्काळ उत्तर दिले होते. हे दोन्ही एकच, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून आधी मराठीत समजावून सांगा आणि लगेच तेच इंग्रजीत चार ओळींत लिहा. ही दुसरी पायरी गाळली, तर पेपरात पुन्हा तेच होईल.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९१ मध्ये वर्गात वापरायला सुरुवात केलेली पद्धत तुम्हालाही उपयोगी पडेल : प्रश्न दिल्यावर प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यायचे आणि त्यानंतर पुन्हा उत्तर द्यायचे. यात पहिला एकट्याचा विचार महत्त्वाचा, कारण तो नसेल तर हुशार मैत्रिणीचे उत्तर सगळ्यांचे होऊन बसते. मात्र चौघींचेही एकमत चुकीचे असू शकते (ठामपणे सांगितलेली चूक फार लवकर पटते!), तेव्हा अडलेले प्रश्न वहीच्या मागच्या पानावर टिपून आठवड्यातून एकदा प्राध्यापकांना दाखवा. सुरुवातीला तुमच्या वाट्याला एखादा लहानसा, दहा मिनिटांत सांगून होईल असा भाग घ्या आणि तुम्ही अडखळलात तरी त्या मैत्रिणीने मध्ये बोलायचे नाही, असे आधीच ठरवून घ्या.