तिकिटावरचे तास खरे किती?

प्रश्न : मुलगी न्यूयॉर्कला असते. तिच्या बाळंतपणासाठी सप्टेंबरात जायचंय. पहिलाच विमानप्रवास, तोही एकटीने, आणि माझे गुडघे दुखतात. तिकिटावर मुंबईहून रात्री १ ला सुटून त्याच दिवशी सकाळी ७.३० ला पोचतं असं आहे. फेब्रुवारीत येताना मात्र सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई. दोन्ही विमानं थेट आहेत. मग जाताना साडेसहा तास आणि येताना पंचवीस कसे?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, तिकीट बरोबर आहे. त्यावर ज्या त्या गावची वेळ छापतात. सप्टेंबरात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तुम्ही तिथे साडेसातला उतराल तेव्हा गुहागरात संध्याकाळचे ५ वाजलेले असतील. म्हणजे प्रवास १६ तासांचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात, मग फरक साडेदहा तासांचा होतो. परतीला तुम्ही ११ ला निघाल तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ. तिथून दुसऱ्या दुपारपर्यंत मोजा, साडेचौदा तास भरतील.

हा दीड तास वाऱ्याचा. १०-११ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, थंडीत तर जास्तच. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी.

अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. समोरच्या पडद्यावर विमान पश्चिमेऐवजी उत्तरेला चाललेलं दिसेल, घाबरू नका. बोटीवर तीस वर्षं नकाशे हाताळले, तरी मला हे पटलं ते पपनसावर. गणपतीत आणलेलं एखादं घरात असेल तर घ्या. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. मधल्या घेराच्या थोडी वर एक टाचणी टोचा, ती मुंबई. जवळजवळ पलीकडच्या अंगाला, आणखी वर दुसरी, ते न्यूयॉर्क. दोघींमध्ये दोरा ताणा. तो आडवा राहतच नाही, देठाकडे सरकतो. हीच सर्वांत जवळची वाट, आणि ती पार आइसलँडच्या आसपास जाते. मधल्या एखाद्या देशाचं आकाश बंद असलं की वळसा पडतो, तेव्हा तास वाढतात.

मला खरी काळजी चिपळूण ते मुंबईची वाटते. सप्टेंबरात कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने धावते, गाड्या हळू असतात. एक दिवस आधीच मुंबई गाठा. व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेवा, मागायला संकोच करू नका. विमानात पाणी पीत राहा, दर दोन तासांनी उठून चार पावलं टाका.

उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेतही वेळ जातो. म्हणून घरच्यांना सांगा, फोनची वाट संध्याकाळी सहा-सातनंतर बघा. माझी बोट मुंबईला लागायची त्या दिवशी आई सकाळपासून दाभोळच्या घरी ओटीवर बसून असायची. तासांचा हिशेब तिला कोणी सांगितलाच नव्हता, मीही नाही.