फोडणीआधीचे बाजूला काढा
वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकांची उत्तरे : कुत्र्यांचे खाणेपिणे

प्रश्न : मळ्यात भरीत पार्टी झाली. उरलेले भरीत आमच्या कुत्रीने पातेले चाटूनपुसून खाल्ले. वजन साधारण ११ किलो. दोन दिवस झाले, ठणठणीत आहे. आता काळजी नाही ना? (अमळनेर)

उत्तर : दोन दिवसांवर निर्धास्त होऊ नका. भाजलेल्या वांग्याने काही बिघडत नाही. घोळ आहे तो भरतातल्या कांद्याच्या पातीचा आणि लसणाचा. त्यांतली गंधकाची संयुगे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात, मग त्या पेशी फुटत जातात. यात वेळ जातो, म्हणून लक्षणे बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दिसतात आणि तोवर भरताची आठवणही कोणाला नसते. भाजल्याने, शिजवल्याने हा दोष जात नाही. वाळवलेल्या कांद्यात तर पाणी उडालेले असते, त्यामुळे चमचाभरसुद्धा जास्त भरतो. कांदा घालून केलेला काळा मसाला त्यातलाच.

वजनाच्या दर किलोमागे १५ ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तावर परिणाम दिसू शकतो. तुमच्या कुत्रीला ही मात्रा १६५ ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम कांदे. लसूण तीन ते पाच पट तीव्र. तिच्या वाट्याला १०० ग्रॅम पात आणि १५ ग्रॅम लसूण आला असेल, तर हिशेब १४५ ते १७५ ग्रॅम कांद्याइतका होतो, म्हणजे काठावरच. घमेल्यात पात आणि लसूण किती पडला होता, त्यातला कितवा हिस्सा उरला होता, हे आठवून असाच आकडा काढा.

पुढचा आठवडाभर रोज सकाळी उजेडात तिचा ओठ वर करून हिरडी पाहा. ती गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत रंग परतला पाहिजे. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. फिकट किंवा पिवळट दिसला, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, थोडे चालून धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्या. आकडा काठावर असेल तर लक्षणांची वाट न पाहताच तपासणी करावी.

रोजच्या शेवभाजीच्या तर्रीत कुस्करलेली भाकरीही याच कारणाने वाईट. कांदा थोडा थोडा, पण रोज जातो. शिवाय वरच्या तेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते : पोट दुखते, उलट्या थांबत नाहीत, कुत्रे पाठ कमानीसारखी करून उभे राहते. वरण, भाजी, मटण, काहीही असो, त्याचा वाटा फोडणी पडण्याआधी काढून ठेवा.

प्रश्न : केळीच्या बागेत राखणीला २० किलोचा कुत्रा आहे. पडलेली केळी दिवसभर खातो. चालेल का? (रावेर)

उत्तर : केळे विषारी नाही, प्रश्न प्रमाणाचा आहे. या वजनाच्या, फार न धावणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १००० ते १०५० कॅलरी लागतात. वरखाऊ त्याच्या दहाव्या हिश्शात बसावे, आणि एका मध्यम केळ्यातच शंभरेक कॅलरी असतात. तेव्हा दिवसाला अर्धे, फार तर एक. साल देऊ नका. ती पचत नाही, आणि भरपूर खाल्ली तर आतड्यात अडकते.

प्रश्न : गोठ्यातली ढेप कुत्रे खाते. गुरांना चालते, मग त्याला का नको? (शिरपूर)

उत्तर : सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. मोठ्या जनावराच्या पहिल्या पोटात ते बरेचसे बांधले जाते. कुत्र्याला तशी सोय नाही. ते आठवडेन् आठवडे साठत जाते आणि हृदयावर येते. धाप, मरगळ, पोटात पाणी होईपर्यंत कोणी ढेपेचा संशयही घेत नाही. गव्हाणीला अटकाव करा, गोणी उंचावर ठेवा.

एरंडीची ढेप खत म्हणून शेतात टाकत असाल तर ती याहून घातक. तिच्यातल्या रिसिनने काही तासांत ते दिवसभरात रक्ती जुलाब सुरू होतात, आणि कुत्र्यांना ती आवडते. पावसाळ्यात बुरशी धरलेला मका आणि शेंगदाणेही उकिरड्यावर उघडे फेकू नयेत. त्या बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषाने यकृत जाते.

प्रश्न : आखाजीला मांडे, आमरस, रशी, खीर असते. कुत्र्याला काय देता येईल? (चाळीसगाव)

उत्तर : साखर न घातलेला आंब्याचा गर दोन-तीन चमचे. कोय हाती लागू देऊ नका, ती गिळली तर शस्त्रक्रियेची वेळ येते. मांड्याचा कोरडा तुकडा चालेल, तुपात बुडवलेला नको. रशीत कांदा-लसूण असतो, म्हणून ती बाद. खिरीतले बेदाणे मात्र एकही नको. द्राक्षे-बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होतात, आणि किती खाल्ले तर निभावेल याची भरवशाची मर्यादा नाही. कारण बहुधा टार्टारिक आम्ल, आणि ते चिंचेतही भरपूर असते. म्हणून चिंचही टाळा.

प्रश्न : चॉकलेट किती चालते? (धुळे)

उत्तर : देऊच नये. चुकून खाल्ले तर अंदाज असा : १० किलोच्या कुत्र्याला सुमारे १०० ग्रॅम दुधाचे चॉकलेट, ४० ग्रॅम डार्क किंवा १० ग्रॅम कोको पावडर एवढ्यावर उलट्या, अस्वस्थता सुरू होऊ शकते. त्याहून तातडीचे म्हणजे झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेले शुगर-फ्री च्युइंगम. याच कुत्र्याला एक ग्रॅम झायलिटॉलने अर्ध्या-एक तासात साखर उतरून झटके येऊ शकतात. वेष्टनावरचे घटक वाचा.

प्रश्न : काही वावगे खाल्ले की मिठाचे पाणी पाजून उलटी करवावी, असे सांगतात. (नंदुरबार)

उत्तर : मुळीच नको. उलटी झाली नाही तर तेच मीठ रक्तात जाऊन मेंदूवर येते. तेल, तूप, ताक जबरदस्तीने ओतले तर श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. खाऊन दोन तास झाले नसतील तर डॉक्टर इंजेक्शनने सुरक्षितपणे उलटी करवू शकतात, म्हणून आधी फोन, मग थेट दवाखाना. कुत्रे गुंगीत असेल किंवा झटके येत असतील तर पाणीही पाजू नका. जाताना उरलेला पदार्थ किंवा वेष्टन बरोबर घ्या, आणि वजन, प्रमाण, खाल्ल्याची वेळ कागदावर लिहून न्या.