फ्रान्झ ओस्टेन: 'अछूत कन्या'च्या आधीचा आणि नंतरचा

हिंदी न येणाऱ्या जर्मन माणसाने 'अछूत कन्या' (1936) कसा काय दिग्दर्शित केला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. कथा निरंजन पाल यांची, संवाद जे. एस. कश्यप यांचे. ओस्टेन मात्र मुळात मूकपटवाला. भाषेवाचून गोष्ट सांगण्यातच त्याची उमेदवारी झालेली. 'अछूत कन्या'तली रेल्वे फाटकावरची दृश्यं एकदा आवाज बंद करून पाहा, मी काय म्हणतोय ते कळेल.

जन्म 1876, म्युनिक. खरं आडनाव ओस्टरमायर. भाऊ पेटर याने म्युनिकमध्ये 'एमेल्का' ही चित्रपट कंपनी काढली आणि फ्रान्झ तिथे दिग्दर्शन करू लागला. पुढे बॉम्बे टॉकीज काढणारे निर्माते हिमांशू राय बुद्धचरित्रावरच्या चित्रपटाची कल्पना घेऊन म्युनिकला पोचले ते याच कंपनीत. पैसा भारतातून, तर दिग्दर्शक, कॅमेरामन आणि यंत्रसामग्री एमेल्काची, असा तो सौदा होता. त्यातून 'प्रेम संन्यास' (1925) झाला. स्टुडिओत खोटा भारत उभारायचा सोडून ही मंडळी सरळ इथे येऊन शूटिंग करत होती, हे त्या काळात फारच वेगळं. पुढे ताजमहालाच्या कथेवर 'शिराझ' (1928) आणि महाभारतातल्या द्यूतावरून सुचलेला 'प्रपंच पाश' (1929). माझ्या मते तिसरा सर्वोत्तम. हत्ती-घोड्यांचा लवाजमा डोळे दिपवतो, पण फाशांच्या डावातला ताण त्याहून जास्त लक्षात राहतो. नितीन साहनींच्या संगीतासह त्याची पुनरुज्जीवित प्रत आहे, तीच मिळवा.

1934 मध्ये मुंबईत मालाडला रायांचा बॉम्बे टॉकीज हा स्टुडिओ सुरू झाला आणि ओस्टेन, कॅमेरामन योसेफ विर्शिंग वगैरे मंडळी इथे कामाला लागली. 'जवानी की हवा'पासून 'कंगन'पर्यंत बोलपटांची रांगच लागली. अशोककुमार नायक म्हणून ओस्टेनच्या पसंतीस उतरला नव्हता, हा किस्सा तुम्ही ऐकला असेलच.

कौतुकाच्या लेखांत एक गोष्ट हमखास गाळली जाते. अस्पृश्यतेविरुद्धचा 'अछूत कन्या' आला त्याच 1936 साली ओस्टेन नाझी पक्षाचा सदस्य झाला होता. महायुद्ध पेटल्यावर ब्रिटिशांनी स्टुडिओतल्या जर्मनांना स्थानबद्ध केलं. वयामुळे ओस्टेन सुटून जर्मनीला परतला आणि 1956 मध्ये बाड आयब्लिंगला वारला. विर्शिंग मात्र युद्धानंतर पुन्हा मुंबईत रमला. 'महल' आणि 'पाकीझा'चं छायाचित्रण त्याचंच.