टाळ्यांनी लसावि शिकवला, पण फाइलला ‘कलाकृती’ हवी होती

ताई, सहावीच्या गणिताचा कला एकात्मिक (म्हणजे कलेतून विषय शिकवण्याचा) उपक्रम ‘कलाकृती दिसत नाही’ असा शेरा मारून परत आला, हे तुमचं वाचलं आणि आमचं ते अख्खं सत्र आठवलं.

आमचा उपक्रम लसाविचा (लघुतम साधारण विभाज्याचा) होता. अर्धा वर्ग दादरा ताल धरणार, सहा मात्रा, म्हणजे ठोके. अर्धा केरवा, आठ मात्रा. समेवर, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीच्या (आवर्तनाच्या) पहिल्या मात्रेवर, जोरात टाळी. (बाकावर ठोकू देऊ नका, मांडीवर. शेजारच्या वर्गाच्या बाई धावत येतात.) मुलं आधी सहा आठे अठ्ठेचाळीस म्हणून मोकळी होतात, आणि दोन्ही समा त्याआधीच एकत्र पडल्या की चमकतात. मग काही जण पंचवीस म्हणतात, कारण ती टाळी पंचविसाव्या मात्रेला पडते. खरं शिकवणं तिथे असतं: पूर्ण झालेल्या मात्रा किती? २४. दादऱ्याची चार आवर्तनं, केरव्याची तीन. नंतर त्रिताल १६ आणि झपताल १० फक्त वहीत, ८० काढतात.

हे सगळं लिहून दिलं, तर कार्यालयातून प्रश्न आला, “टाळ्यांचा फोटो कसा लावणार?” कोणतं कार्यालय ते विचारू नका. नमुन्यात ‘तयार वस्तू’ असा रकाना होता, तो रिकामा चालत नव्हता. मग काय, चित्रकलेच्या सरांचे तास घेऊन तक्ते रंगवले, लसाविची झाडं, चकचकीत कागद. ते लगेच मंजूर! त्या तक्त्यांतून एकाही मुलाला लसावि आला नाही, आणि पुढच्या वेळापत्रकात सरांचे तास कमीच झाले, ‘कला आता सगळ्याच विषयांत आहे ना’ म्हणून. मला राग त्याचा आहे. २०२० चं राष्ट्रीय धोरण कलेच्या आधारे इतर विषय शिकवा म्हणतं. चित्रकलेचा तास खा असं कुठेही म्हणत नाही.

तेव्हा माझं मत (राज्य मंडळाच्या अनुदानित शाळेपुरतं, सीबीएसईवाल्यांचे नियम वेगळे): उपक्रम गणिताच्याच तासाला घ्या आणि टाचणात (पाठाच्या नियोजनाच्या वहीत) तसा लिहा. फाइलच्या पहिल्या पानावर गणिताची अध्ययन निष्पत्ती (मुलांना काय यायला हवं ते), मागे त्याच मुलांनी आधी आणि नंतर सोडवलेली तीच उदाहरणं. वस्तूच्या रकान्यात मुलांनी वहीत मांडलेल्या मात्रांच्या पानाचा फोटो लावा. आमच्याकडे पुढे तो चालला, तुमच्याकडे चालेलच असं नाही. वारली काढून घेणार असाल तर नुसती नक्कल नको. टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांतले विरुद्ध कोन मोजायला लावा, नाहीतर तो चित्रकलेचाच तास झाला, तोही सरांशिवाय.

आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी चालू असताना सरांकडे तास मागू नका. त्या ग्रेडचे दहावीला जादा गुण मिळतात, पालक भांडायला येतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

फाइल देताना पोच घ्या. आमची एक प्रत तिथेच हरवली होती.