दुबईत आल्यापासून पळणंच जमत नाही, माझं काही बिनसलंय का?

उन्हाळा लागला की समुपदेशनात माझ्याकडे हा प्रश्न येतोच, कधी दोह्याहून, कधी मस्कतहून, जास्त करून दुबईहून. एकीची गोष्ट सांगते, तिला विचारून आणि ओळख पटणार नाही इतपत बदलून.

ती पुण्याची, पहाटे वेताळ टेकडीवर पळणारी, हाफ मॅरेथॉन वगैरे केलेली. नवऱ्याला दुबईत जॉब लागला, हिने आपला सोडला आणि जूनमध्ये तिथल्या बर दुबई भागात संसार थाटला. आल्या आल्या शूज घालून बाहेर पडली तर थोड्याच अंतरात छातीत धडधड, श्वास पुरेना, हातपाय गळाले, फुटपाथवरच बसली. परत गेली, परत तेच. मग गूगल करून स्वतःच ठरवलं की आपल्याला पॅनिक अटॅक येतायत. बाहेर जाणंच बंद केलं, दिवसभर एसीत. नवरा म्हणाला अगं खाली जिम आहे ना, ट्रेडमिलवर पळ की, त्यावरून भांडणं. माझ्याशी ऑनलाइन बोलायला बसली तेव्हा पहिलं वाक्य हेच, "मॅडम, मी आळशी झालेय की वेडी होतेय?"

आधी तिला डॉक्टरकडे पाठवलं. धडधड म्हटल्यावर ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉईड बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही, आणि कोणी जाऊ पण नये. सगळं नॉर्मल आलं.

मग विचारलं, घरात सोफ्यावर बसलेली असताना असं कधी झालंय? लिफ्टमध्ये, मॉलमध्ये, रात्री झोपेत? नाही, एकदाही नाही. पॅनिक अटॅक काही एसी बघून थांबत नाही हो. पुण्यात जूनमध्ये पहाटे तेवीस-चोवीस डिग्री असते, दुबईत सूर्य उगवायच्या आधीच तीसच्या आसपास आणि वर समुद्राची दमट हवा, म्हणजे घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होणार कसं? शरीर गार व्हायला रक्त कातडीकडे पाठवतं, पायांनाही रक्त हवंच असतं, त्यामुळे तेवढ्याच स्पीडला हार्टरेट कितीतरी वर जातो. आणि ही बाई पुण्याचाच पेस, म्हणजे वेग, धरून पळत होती! धडधड उन्हाची, तिला वाटली भीतीची, आणि भीती वाटली की धडधड अजून वाढते.

पण एवढ्याने रडू येत नाही. ती ढसाढसा रडली ते ट्रेडमिलच्या विषयावर. नवऱ्याला एका सेशनला बोलावलं, त्याच्यासमोर ती म्हणाली, "टेकडीवर मला लोक नावाने हाक मारायचे, इथे मी फक्त तुझ्या व्हिसावर आलेली बायको आहे." तो बराच वेळ गप्प होता. त्यानंतर जिमचा विषय त्याने काढला नाही.

पुढचं काम तसं साधं होतं. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून आधी पहाटे पाचला अल सीफला खाडीच्या कडेने नुसतं चालणं, मग मधेमधे थोडं पळणं, घड्याळावरचा पेस बंद, बोलता येईल इतकाच दम लागू द्यायचा. पाण्यात मीठ-साखर किंवा ओआरएस. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं, उकाड्यात अंगावर काटा येणं, यातलं काही झालं की तिथेच थांबून गारव्याला जायचं, आणि कोणी असंबद्ध बोलायला लागलं तर थेट दुबईच्या ९९८ नंबरला अँब्युलन्स. हवा फारच दमट असेल त्या दिवशी मॉलमध्ये चालायचं, त्यात कमीपणा कसला? बाहेर पडण्याआधी काय होईल असं वाटतंय आणि आल्यावर खरं काय झालं हे दोन ओळीत लिहायला सांगितलं. पहिल्या ओळीतला "मी पडेन" हळूहळू गायब झाला, त्या जागी "कंटाळा आलाय" यायला लागलं, जे मला फार आवडलं.

तिकडे पळायचा सीझन नोव्हेंबर ते मार्च, जून-जुलैत नुसतं टिकून राहिलं तरी पुष्कळ, हे तिला पटायला जरा वेळ लागला. नोव्हेंबरात शेख झायेद रोड बंद करून दुबई रन होते, तिथे ती दहा किलोमीटर पळाली. नवऱ्याने पाचमध्ये नाव दिलं होतं, तो निम्म्यातूनच चालायला लागला म्हणे. नोकरी अजून मिळालेली नाही, त्यावर आमचं बोलणं चालू आहे.